पद रंगलं की पुढचा लाफ्टर जातो. 'संशयकल्लोळ' केलेल्यांनो, काय करावं?

हळदपेव (सांगली)

नमस्कार. वर्षभर इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. प्रश्न संगीत नाटकाचा आहे, पण मध्ये एक वेब सिरीज आणि आमचं दुकान दोन्ही येणार, तेव्हा जरा लांबेल.

मी आणि माझा नवरा औषधाचं दुकान चालवतो. लग्नाला २१ वर्षं झाली, दुकानाला १९. आमचा हौशी संच आहे आणि यंदा आम्ही 'संगीत संशयकल्लोळ' घेतलंय. एकमेकांवर संशय घेणारं जोडपं आम्ही करतो: फाल्गुनराव माझा नवरा, कृत्तिका मी. सकाळी नऊला शटर वर, रात्री नऊला खाली, साडेनऊ ते साडेअकरा एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. पाठांतर काउंटरमागंच होतं. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापता कापता मी एक वाक्य टाकते, तो बिल करता करता उत्तर देतो. गिऱ्हाइकांना आता सवय झालीय.

हे नाटक मी हट्टानं घ्यायला लावलं. गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. दुकानातून निघालं की सायकलवरनं वीस मिनिटांत हरिपूर. संगमावर कृष्णा आणि वारणा भेटतात, गावात हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. लहानपणी आजोबा मला तिथं घेऊन जायचे आणि देवलांच्याच 'शारदा'तली पदं म्हणून दाखवायचे. 'संशयकल्लोळ'ची मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलिएरची, इंग्रजीतून फिरत फिरत देवलांपर्यंत आली. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका बोलायला लागले की ती माणसं आपल्याच वाड्यातली वाटतात. महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देऊन देवलांनी सगळी मंडळी पंचांगातनंच उचलून आणली. गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१६ मध्ये संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं, आणि देवल त्याच वर्षी गेले. हे आठवलं की तालमीला जाताना मला अजून भरून येतं.

आता दुखणं सांगते.

दोन महिन्यांपूर्वी जवळच्या एका गावात पहिला प्रयोग केला. हॉलमध्ये साधारण चारशे माणसं. आमचा अश्विनशेठ, म्हणजे नाटकातला प्रेमिक, २४ वर्षांचा, मिरजेला गाणं शिकतो, गळा देवानं दिलेला. 'कर हा करी धरिला' त्यानं असं म्हटलं की मागच्या रांगेतनं वन्स मोअर आला. परत म्हटलं. टाळ्या थांबेनात. आम्ही मूळ अंक कापून, जोडून दोन अंकांत बसवलंय, त्यामुळं आमच्या संहितेत त्याच्या मागोमाग माझा तसबिरीचा प्रवेश येतो. रस्त्यात पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती कौतुकानं बघत राहते आणि मागनं फाल्गुनराव ते बघतो. तालमीत या प्रवेशाला पोरं अक्षरशः लोळायची. प्रयोगात काय झालं? काही नाही. मी बोलले, तो बोलला, मी वळले, तो किंचाळला. समोर शांतता. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं, ते मला अजून ऐकू येतं. प्रवेश पडला तो पडलाच. पुढं फाल्गुनरावाच्या नोकरानं, भादव्यानं, थोडं सावरलं.

त्या दिवसापासून संचात दोन तट. दिग्दर्शक सर म्हणतात, पदं छाटा, आजच्या माणसाला एवढं गाणं सोसत नाही. अश्विनशेठचा चेहरा पडलाय. मला तर पदं छाटायची कल्पनाच सहन होत नाही. पदं काढली तर संगीत नाटक कशाला करायचं?

आता वेब सिरीज. लेक पुण्याला शिकते, तिनं सांगितलं म्हणून आम्ही 'आणि काय हवं' लावली. एमएक्स प्लेअरवर २०१९ मध्ये आलेली, वरुण नार्वेकरची. तिचे तीन भाग म्हणजे तीन सीझन आहेत. तालमीहून घरी यायला पावणेबारा होतात. पिठलं गरम करायचं, फोन तांब्याला टेकवून ठेवायचा आणि जेवता जेवता एकच एपिसोड. जुई आणि साकेत, नवराबायको, घर, नोकरी, रोजच्या बारीकसारीक गोष्टी. मोठं असं काही घडत नाही आणि आम्ही दोघं घास हातात धरून हसतो. सासूबाई आतनं विचारतात, "एवढं काय झालं?" आणि सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नसतं.

मग मला वाटतं, घरात आम्ही दोघं असेच बोलतो की. दुकानात तर मी अर्धं वाक्य बोलते, उरलेलं तो पुरं करतो. स्टेजवर गेलो की आमच्यातलं ते कुठं जातं? देवलांनी लिहिलंय तेही घरातलंच आहे.

तर विचारायचं ते हे. पद छाटायचं का? का आमच्या बोलण्यात खोट आहे? ज्यांनी हे नाटक केलंय किंवा पुष्कळदा बघितलंय त्यांनी मनमोकळं सांगा. आम्हाला दिवाळीनंतर परत प्रयोग आहे.

---

तिसरी घंटा (पुणे)

ताई, पद छाटू नका. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

मी चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली, आता वय ७३, गुडघ्यांमुळे पायाने भाता मारणं बंद. 'संशयकल्लोळ' किती वेळा वाजवलं ते मोजलेलं नाही. तुमचा प्रवेश पडला त्यात तुमच्या दोघांचा दोष थोडा आहे, साथीदारांचा जास्त आहे असं मला वाटतं.

पद संपलं, टाळी पडली, म्हणजे प्रेक्षक मोकळा झाला असं नसतं. त्याचा कान अजून सुरात असतो. त्या वेळी तुम्ही हशाचं वाक्य टाकलंत तर ते त्याच्या कानावरून जातं. टाळी चढते, टिकते, उतरते. ती निम्म्याच्या खाली उतरली की हालचाल सुरू करायची, वाक्य नाही. आणि पहिलं वाक्य हशाचं ठेवायचं नाही. ते कान स्वच्छ करायला असतं. जुनी माणसं एखादं साधं वाक्य तिथे मुद्दाम सावकाश बोलायची. मी खाली पिटातून, म्हणजे मंचासमोरच्या साथीदारांच्या जागेतून, बघत असायचो, दुसऱ्या वाक्याला माणसं पुढे सरकून बसायची.

दुसरं, वन्स मोअर. पूर्वी रात्रभर नाटकं चालत, एकेक पद तीन तीन वेळा होई, कारण माणसं गाणं ऐकायलाच येत. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात झालं तेव्हापासून मराठी माणसाच्या कानाला ही गोडी आहे, ती वाईट नाही. पण तुम्हाला अडीच तासांत संपवायचं आहे. वन्स मोअर आला तर सबंध पद परत म्हणू नये. फक्त ध्रुवपद, दोन चांगल्या जागा, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मुलाचा मानही राहतो, प्रेक्षकाची हौसही भागते.

तिसरं खास माझ्या खात्यातलं. पद संपल्यावर तुमचा ऑर्गनवाला काय करतो? बहुतेक हात काढून घेत असेल. तिथे काळोख होतो, आवाजाचा काळोख. त्याला सांगा, षड्ज, म्हणजे सा, बारीक धरून ठेव, अगदी भाता सोडता सोडता विरेल असा. त्या विरत्या सुरावर तुम्ही यायचं. तुमच्या बोलण्याची सुरुवात त्या सुराच्या जवळपास असू द्या. आपण पदाच्या आधी संवाद सुराकडे नेतो, तसं पदानंतर सुराकडून संवादाकडे यायचं. हे कुणी शिकवत नाही, मी वाजवता वाजवता शिकलो.

वेब सिरीजबद्दल म्हणाल तर आमची पत्नी गेल्यानंतर माझं रात्रीचं जेवण एकट्याचं झालं. नात बंगळुरूला असते. तिने एक युक्ती काढली, ती तिकडे आणि मी इकडे एकाच वेळी एपिसोड लावतो आणि फोन चालू ठेवतो. तुम्ही म्हणता तीच मालिका आम्ही मागच्या पावसाळ्यात पाहिली. ती हसली की मला तिचं हसणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येई. ताई, मला त्या अर्ध्या सेकंदाची फार किंमत वाटते. घरी एकट्याने पाहिलं तर मी गालात हसतो. तिचा आवाज आला की मोठ्याने हसतो. तुमच्या चारशे माणसांना पहिला मोठ्याने हसणारा मिळाला नाही एवढंच झालं असेल.

अश्विनशेठ कोणत्या पट्टीत, म्हणजे कोणत्या मूळ सुरात, गातो? आणि ऑर्गन आहे की पेटीवर भागवता?

---

बाराची लोकल (डोंबिवली)

ताई, मी तुमच्याहून खूप लहान आहे. नाटकात काम नाही करत, फक्त बघते. पण बघते म्हणजे वेड्यासारखी बघते. शिफ्ट दुपारची असते, बाराची लोकल पकडते, बसायला जागा मिळाली तर एपिसोड, नाही मिळाली तर कानात नाट्यगीतं. माझ्या मोबाइलमध्ये नाट्यगीतं गाणारे वसंतराव देशपांडे आणि भाडिपा ही विनोदी यूट्यूब वाहिनी शेजारी शेजारी आहेत आणि मला त्यात काही विचित्र वाटत नाही.

ही दोन जगं वेगळी नाहीत, हे सांगायला लिहितेय. भाडिपाची वेब सिरीज 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण' आठवते का? २०१६ मध्ये कॉलेजात आम्ही सगळे ते बघून फुटायचो. त्यातल्या निपुण धर्माधिकारीने 'संगीत मानापमान' नव्या पिढीसाठी बसवलं होतं, राहुल देशपांडेंना घेऊन. मला हे नंतर कळलं आणि मी थक्क झाले. म्हणजे खाडिलकरांचं १९११ चं नाटक ज्याला कळतं त्यालाच कॅमेऱ्यासमोर गप्प बसून हसवायचंही कळतं. आणि तुमच्या जुई-साकेतचं म्हणाल तर ते करणारे प्रिया बापट आणि उमेश कामत दोघं खऱ्या आयुष्यातही नवराबायको, आणि दोघं रंगभूमीवरचे. 'नवा गडी नवं राज्य' त्यांनी एकत्र केलं, नंतर २०२३ मध्ये 'जर तरची गोष्ट'. मी ते दुसरं नाटक बाल्कनीतून बघितलं. दोघांचं टायमिंग मोबाइलवर दिसतं तसंच होतं, पण करण्याची रीत पूर्ण वेगळी. मोबाइलवर तिची भुवई हलते. बाल्कनीतून भुवई दिसत नाही. तिथे ती सगळं अंगाने करत होती, थांबून, अर्धं वळून.

म्हणून एक भीती वाटते. तुम्ही दोघं ती मालिका बघून बारीक, घरगुती बोलायला लागाल, आणि चारशेतल्या तीनशे जणांपर्यंत ते पोचणारच नाही. तालमीत पोरं लोळत होती कारण ती दहा फुटांवर बसली होती. मोबाइलही दहा इंचांवर असतो. तालमीला एकदा कुणालातरी हॉलच्या पार शेवटी बसवा आणि त्याला काय दिसतं ते विचारा.

अजून एक. त्या मालिकेत कुणी नुसतं उभं राहून बोलत नाही. हात कायम कशात तरी गुंतलेले असतात. तुमची कृत्तिका तसबीर सापडण्याआधी काय करत असते?

---

हळदपेव

काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. नातीच्या अर्ध्या सेकंदापाशी आमचे दोघांचेही डोळे भरले.

लोकल, तुझा शेवटचा प्रश्न मला लागला. आमची कृत्तिका काहीच करत नसते. विंगेतनं येते, तसबीर बघते, उचलते. "अगंबाई" म्हणते. वीस तालमी झाल्या आणि ती घरातनं बाहेर का आली हे मी कुणाला विचारलंच नाही, स्वतःलाही नाही.

---

फोंडेकार (फोंडा, गोवा)

मी भादव्या करतो, २२ वर्षं झाली. आमच्या वाड्यावरच्या जत्रेला दर तीन-चार वर्षांनी 'संशयकल्लोळ' होतंच, आणि भादव्या माझाच.

आमच्याकडे जत्रेचं नाटक म्हणजे काय ते सांगलीकरांना थोडं सांगायला हवं. पालखी देवळात गेली की प्रांगणात मंच उभा असतो. नट सगळे गावचेच, कुणी शिक्षक, कुणी टॅक्सीवाला, मी स्वतः वायरमन. पडदा उघडायला अकरा वाजतात, संपायला पहाट. पुढे चटईवर म्हाताऱ्या बायका बसतात, त्यांना सगळी पदं पाठ. नट चुकला तर खालून शब्द येतो. अशा प्रेक्षकांपुढे आम्ही एकही पद कापत नाही. कापलं तर सकाळी दुकानात दूध आणायला गेल्यावर जाब द्यावा लागतो. आणि तरीही आमच्याकडे पदानंतर हशा मरत नाही. का मरत नाही याचा मी खूप विचार केलाय, कारण अश्विनशेठच्या पदानंतर पुष्कळदा मलाच जावं लागतं.

पद म्हणजे नाटकातली सुट्टी, असं ज्या संचाने धरलं त्याचा पुढचा प्रवेश पडणारच. 'कर हा करी धरिला शुभांगी', शब्द नीट बघा. हात हातात धरलाय. शुभांगी म्हणून जिला हाक मारलीय ती समोर उभी आहे. आता तुमच्या प्रयोगात पहिल्या ओळीनंतर तो हात कुठे गेला? मी पैज लावून सांगतो, तुमच्या मुलाने तो सोडला, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी ताना दाखवल्या. आणि रेवती, त्याची प्रेयसी? ती बाजूला पुतळ्यासारखी, पद संपायची वाट बघत. मग चारशे माणसांनी काय बघितलं? गाण्याची बैठक. बैठक छान झाली, टाळी वाजवली. त्यानंतर त्यांना परत नाटकात यायला वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा प्रवेश निघून गेला.

आमच्या गावात एक मास्तर होते, त्यांनी आमचा अश्विनशेठ बसवला. त्यांनी त्याला तंबी दिली होती की पद संपेपर्यंत हात सोडायचा नाही. रेवतीला सांगितलं, तू ऐक. खरंच ऐक. तुझी आई केव्हाही येईल हेही विसरू नको. ती पोर दर दोन ओळींनी दाराकडे बघायची आणि परत त्याच्याकडे. त्या एवढ्याशा बघण्याला चटईवरच्या बायका हसायच्या, गाण्याच्या मध्ये, गाण्याला धक्का न लावता. म्हणजे हसू पदातच सुरू झालं होतं. पुढे मी गेलो की ते हसू तयार असायचं, मला ते फक्त उचलायचं होतं.

वेब सिरीज मी बघतो त्या माझ्या मुलीबरोबर, लाइट गेली नाही तर. तुम्ही म्हणता ती बघितली. तिथे कॅमेरा जो बोलतो त्याच्यावर कमी आणि जो ऐकतो त्याच्यावर जास्त. हसू ऐकणाऱ्याच्या तोंडावर असतं. आमच्या मास्तरांकडे कॅमेरा नव्हता, पण ते आम्हाला हेच सांगत असत. नट बोलताना कसाही दिसतो, ऐकताना कळतो.

ताई, तुम्ही कृत्तिका करता आणि तुमचे यजमान फाल्गुनराव. तो बोलतो तेव्हा तुम्ही ऐकता, की तुमच्या पुढच्या वाक्याची वाट बघता?

---

हळदपेव

फोंडेकारदादा, पैज जिंकलात. हात पहिल्याच ओळीला सोडला होता. व्हिडिओ काढून बघितला. तान घेताना त्याचा डावा हात वर जातो, रेवती दोन पावलं मागं सरकते, आणि मग चार मिनिटं ती जमिनीकडं बघते.

आणि माझंही खरं सांगते. मी वाट बघत होते. त्याच व्हिडिओत दिसतं, नवरा बोलतोय आणि माझे ओठ माझं पुढचं वाक्य पुटपुटताहेत. दुकानात मी असं कधीच करत नाही. तिथं तो "अगं ते..." म्हणाला तरी मला कळतं की फ्रीजमधलं इन्सुलिन हवंय.

त्या रात्री जेवताना आम्ही नवा एपिसोड लावला नाही. आधी बघितलेलाच परत लावला, आवाज बंद करून. नवऱ्याची कल्पना. साकेत बोलत होता, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त जुई दिसत होती. ती भाजी ढवळत होती का काय ते आठवत नाही, पण तिचा हात मध्येच थांबला. एवढंच. आणि आम्ही दोघं एकदम हसलो. आवाज नसताना.

मग रविवारी तालीम दुपारची ठेवली, दुकान अर्धा दिवस बंद. भडंगाचं मोठं पातेलं नेलं होतं. सरांना तुमची सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली. ते पहिल्यांदा गप्प राहिले, मग म्हणाले, एकदा करून बघू, पद आत्ता कापत नाही.

अश्विनशेठला हात सोडायचा नाही असं सांगितल्यावर तो घाबरला. एका हातानं तान कशी घ्यायची? पहिल्यांदा गळाच आवळल्यासारखा झाला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्या वेळी रेवतीनं एक केलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती नर्सिंगला आहे, १९ वर्षांची. त्याची तान लांबायला लागली तशी तिनं हात हळूच सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, कारण दाराकडनं कुणीतरी येतंय असं तिला वाटलं, आणि त्यानं तान न तोडता बोटं घट्ट केली. समेवर तिनं सोडवणं सोडून दिलं. सगळा हॉल गप्प. मग शाळेचे शिपाईमामा, जे दाराशी किल्ल्या घेऊन बसलेले असतात आणि आठ वर्षांत आमच्या कुठल्याच तालमीला हसलेले नाहीत, ते हसले. मोठ्यानं. आणि त्यांच्यामागं सगळे. काका, तुमचा पहिला हसणारा मिळाला.

पेटीवाल्याला षड्ज धरायला सांगितला होता. तो विरत होता तेव्हा मी आले.

लोकल, आता माझी कृत्तिका रांगोळी घालायला दारात येते. हातात वाटी. उकिडवी बसते, चार ठिपके घालते, पाचव्या ठिपक्यापाशी तसबीर दिसते. बोटांना रांगोळी लागलेली, म्हणून ती उचलण्याआधी बोटं पदराला पुसते. नीट, एकेक बोट. मग तसबीर उचलते आणि तीही पदरानंच पुसते, कारण तिच्यावर धूळ आहे. मागनं फाल्गुनराव येतो आणि त्याला काय दिसतं? आपली बायको परक्या पुरुषाची तसबीर पदरानं पुसतेय. आम्ही सरांना हॉलच्या पार टोकाला बसवलं होतं. त्यांना बोटं पुसलेलं दिसलं, भुवई दिसली नाही. भुवईची आता मला गरजही नाही.

आणि नवरा. तो मागं उभा होता, त्याचं वाक्य होतं आणि त्यानं ते बोललंच नाही. मला वाटलं विसरला. प्रॉम्प्टरनं शब्द दिला, तरी नाही. मी पाठमोरी, माझ्या हातात तसबीर, आणि मला मागनं फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. त्या श्वासावर लाफ्टर आला. मग तो बोलला. मागच्या प्रयोगात त्यानं तिथं किंचाळून लाफ्टर खाल्ला होता. रात्री विचारलं, थांबलास कसा? म्हणाला, "तू ती फ्रेम पुसत होतीस तेव्हा मला खरंच वाईट वाटलं."

वन्स मोअरचं काकांनी सांगितलं तसं ठरलंय, ध्रुवपद आणि दोन जागा. कुठल्या दोन, यावर अश्विनशेठ आणि पेटीवाला अजून भांडताहेत. बाकी सगळी पदं राहणार. सरांनीच रविवारी संहितेत पेन्सिलनं मारलेल्या फुल्या खोडल्या, मी बघितलं.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पट्टी काळी एक. ऑर्गन आमच्याकडं नाही, पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची पेटी, मिरजेहून भाड्यानं आणतो, आणि तिचा भाता जुना आहे. षड्ज विरताना थोडी फुस्स होते. ती झाकायला काही करता येतं का?

---

तिसरी घंटा

येतं. मंद्र पंचम, म्हणजे खालचा प, षड्जाच्या जोडीला धरायला सांगा, आणि षड्ज सोडताना पंचम क्षणभर मागे ठेवायचा. हवेचा आवाज त्यात बुडतो. भात्याच्या घडीला चिरा असतील तर आतून पातळ चामड्याची पट्टी चिकटवून मिळते, मिरजेत करणारे आहेत. दिवाळीआधी नेऊन टाका, ऐन हंगामात त्यांना वेळ नसतो.

प्रयोगाची तारीख ठरली की इथे लिहा. गुडघ्यांचं बघतो, पण पुण्याहून सांगलीला रेल्वेने बसून येता येतं. नातीलाही सांगून ठेवतो.